जस्ताला लागलेली कीड

एकशे बेचाळीस खोकी, एकेहार्ड.
तुझ्या वहीत, तुझ्या तिरक्या अक्षरात
क्रमांक, साल, किंमत, कुणाकडून घेतलं,
आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
एकच शेरा: न चालवलेलं.

तू वरच्या खोलीत, पडदे ओढून.
मी खाली तळघरात,
जिथं पूर्वी कोळसा असायचा तिथं माझी फळी:
साडेसोळा मिलिमीटरचे रूळ, चाळलेली वाळू,
कॉफीच्या वाळवलेल्या चोथ्याची शेतं,
आणि माझी केबिन, काडेपेटीएवढी.
खऱ्या केबिनमध्ये मी सत्तावीस वर्षं खटके ओढले,
उजवा खांदा अजून त्या वजनाचा हिशेब सांगतो.
ते रूळ उखडले. आता तिथून सायकलवाले जातात,
हेल्मेट घालून, घंटी न वाजवता.

माझ्याकडे गाड्या दोनच.
झोनेबेर्गचं ते लाल डिझेल, रंग उडालेलं,
ज्याला तू खेळणं म्हणायचास,
आणि चार डबे. एकाचं कप्लिंग दोऱ्यानं बांधलेलं.
सहा चौदाची गाडी मी सहा चौदालाच सोडायचे.
तू जिन्यावरून विचारायचास, झालं का तुझं?
मी म्हणायचे, तुझं सुरू तरी झालं का?
यावर आपण दोघं हसायचो,
नेहमीच नाही.

मार्चमध्ये ड्रेस्डेनचा दलाल यायचा होता.
म्हटलं, सतरा नंबर आधी आपण बघावं,
युद्धाआधीचं, तुझ्या काकाचं,
ज्याच्यासाठी तू आपली गाडी विकली होतीस
आणि मला म्हणाला होतास की गिअर गेला.
सुरीनं चिकटपट्टी कापली.
पातळ कागदाची घडी उलगडली
तर आत करडा चुरा.
सांगाडा फुगलेला, तडकलेला,
चाकं कागदात लोळत होती
दुधाच्या दातांसारखी.

दलालानं चष्मा पुसला. म्हणाला,
जस्ताची कीड, बाई. ओततानाच शिसं मिसळलं गेलं.
कुणाचा दोष नाही. चालवलं असतं तरी फुटलंच असतं.

हो, म्हटलं.
पण चाललं असतं.

त्याला कॉफी दिली आणि परत पाठवलं.

आता शनिवारी थिएन येतो, तिसऱ्या मजल्यावरचा.
त्याची आजी हनोईहून इथं मोजे विणायच्या
कारखान्यात आली होती, कारखाना गेला, ती राहिली.
त्याच्याकडे वाढदिवसाचं नवंकोरं इंजिन आहे:
फोनवर बोट फिरवलं की धाप टाकतं,
फावड्यानं कोळसा ओढल्याचा आवाज काढतं
कोळसा नसताना.
मला ते आवडतं, हे तुला सांगायचं राहिलं.

आज एक्केचाळीस नंबर काढला.
खोक्यातल्या स्पंजाचा पिवळा चिखल झालेला,
तो कापसानं, स्पिरिटनं, तासभर.
वंगण मेणासारखं गोठलेलं.
सुईच्या टोकावर एकच थेंब तेल,
जास्त नाही, तूच शिकवलं होतंस,
न चालवता तुला हे कुठून ठाऊक होतं?

रुळावर ठेवलं. नुसतं गुणगुणलं.
बोटानं ढकल, मी थिएनला म्हटलं.
जळक्या धुळीचा वास आला,
दिवा लागला, विझला, लागला,
आणि ते निघालं, एकेहार्ड,
लंगडत, कॉफीच्या शेताकडेनं,
वळणावर जरा झुकून.

वही उघडून मी एक्केचाळीसपुढचा
फक्त 'न' खोडला.
चाळीस वर्षांची पाटी, एक रेघ.
सतरापुढचा तसाच ठेवला.

वरून आजी जेवायला हाक मारते आहे.
थिएन विचारतो, हे फाटक कधी उघडणार?
थांब, मी म्हणते,
गाडी अजून गेली नाही.